नागेशला देरा दाखवला तो दिवस

दुबईतल्या देऱ्यात राहणारा कोकणातला माणूस आणि बाबाजी पाष्ट्यांना ओळखत नाही, असं होणं कठीण. माणूस मोठा म्हणून नव्हे. लाकडी बोटींच्या धक्क्यावर एका व्यापाऱ्याकडे माल चढवणारी टोळी असते, तिचे ते मुकादम. वय पन्नाशीच्या पलीकडे, पोट सुटलेलं, बोलणं सडेतोड. आठ जणांच्या खोलीत खिडकीजवळचा पलंग त्यांचा, आणि त्यावर दुसरं कुणी बसलं तर तोंडाचा पट्टा सुरू. पण त्यांची ओळख होती ती वेगळ्याच कामासाठी. गुहागरकडच्या कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं, की गावाहून फोन त्या माणसाला जात नसे. तो बाबाजींना येई.

कुणी नेमलेलं नव्हतं त्यांना. खोलीत सगळ्यांत जुने तेच, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. आणि खोलीचा एक नियम होता. ज्याचं माणूस गेलं असेल त्याला सांगायचं, ‘सिरियस आहे, येऊन जा.’ तिकीट काढायचं, विमानात बसवायचं आणि पुढचं गावच्या लोकांवर सोपवायचं. खरं काय ते त्याला घराच्या दारातली गर्दी सांगेल.

बाबाजींना हा नियम अजिबात पटत नसे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो मोडलाही होता. एका सुताराला त्यांनी सरळ सांगून टाकलं की तुझे वडील गेले. तो विमानतळावर रांगेतच कोसळला. विमानवाल्यांनी डॉक्टरचा कागद मागितला, तो मिळेपर्यंत विमान उडालं, आणि सुतार गावी पोहोचला तेव्हा राख सावडून झाली होती. त्या दिवसापासून खोलीतली माणसं बाबाजींसमोर नियमाचा उच्चार करत नसत, पण पाळायला मात्र लावत.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला नागेशच्या थोरल्या भावाचा फोन आला. नागेश बाबाजींच्याच वाडीतला, एकोणतीस वर्षांचा. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. त्याचा व्हिसा बाबाजींनीच खटपट करून मिळवून दिलेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं. बायको विनिता सकाळी कपडे वाळत घालताना खाली कोसळली. डोक्यातली शीर फुटली. चिपळूणच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

“उद्या दुपारपर्यंत ठेवतो तिला,” भाऊ रडत रडत म्हणाला. “त्यापुढे तिच्या माहेरची माणसं थांबायची नाहीत. नागेश पोचला पायजे, बाबाजीकाका. विमानात बसेपर्यंत त्याला कळता नये. तुम्हाला गावदेवीची शपथ आहे.”

बाबाजींनी शपथ घेतली. दुसरं काय करणार? त्या सुताराचं तोंड डोळ्यांपुढून जात नव्हतं.

रात्री दहाच्या विमानाचं तिकीट मिळालं. कंपनीने नागेशला पासपोर्ट दिला आणि दुपारी तीनला पिकअपमधून देऱ्यात सोडलं. त्याला एवढंच सांगितलं होतं की विनिता चक्कर येऊन पडली, ॲडमिट केलंय. तो खोलीत आला, पाठीवरची बॅग खाली टाकली, फोन चार्जिंगला लावला आणि आंघोळीला गेला. बाबाजींनी तेवढ्यात फोन बंद करून स्वतःच्या खिशात घातला. मग बॅग खाली नेऊन आपल्या ऑफिसच्या गाडीत ठेवली.

“फोन कुठाय माझा?” डोकं पुसत नागेशने विचारलं.

“तुझ्या बॅगेत टाकला. बॅग आमच्या ऑफिसच्या गाडीत ठेवली. तू कशाला हमाली करतोस? गाडी सातला थेट एअरपोर्टला येईल.”

“घरी एकदा लावून बघणार होतो.”

“सगळी हॉस्पिटलात आहेत रे. तिथे आत फोन चालत नाही.”

नागेशने टॉवेलची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाला, “बरं.”

खोलीत बसून राहणं म्हणजे आगीशी खेळ होता. साडेचारपासून एकेक जण कामावरून परत येणार, आणि सातही जणांना सगळं माहीत. एकाचंही तोंड त्याला बघू देण्यासारखं नव्हतं. म्हणून बाबाजी म्हणाले, “सहा वर्षं झाली तुला इथे. देरा पाहिलास कधी?”

“बसमधनं पाहिला.”

“बसमधनं काय दिसतो? बसची काच दिसते. चल, दोन तास आहेत. दाखवतो तुला.”

आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडले तसे बाबाजी मनातून चरकले. कारण अगदी असंच त्यांनाही कुणीतरी म्हणालं होतं.

त्याला चोवीस वर्षं झाली. बाबाजी तेव्हा एका मालवाहू जहाजावर खलाशी होते. जहाज सिमेंट घेऊन इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदराला लागलं होतं. खलाशांचा म्होरक्या म्हणजे सारंग, आणि तो होता दाभोळचा वली. भयंकर कडक माणूस. त्याने कुणाला फुकट चहा पाजल्याचं जहाजावर कुणी पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी दुपारी चारला येऊन म्हणाला, “बाबाजी, कपडे बदल. चल, शहर दाखवतो.” टांगा केला. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जुन्या, रंग उडालेल्या उंच इमारती, अशा लांबलचक रस्त्याने त्याने बाबाजींना हिंडवलं. टोकाला समुद्रात घुसलेला किल्ला होता, तो दाखवला. तिथल्या भिंतीवर बसवून फोटो काढला. उन्हं कलल्यावर एका गाडीवर तळलेले मासे खायला घातले, एक संपला की दुसरा. “खा, बाळा, खा,” म्हणत होता. बाबाजींना वाटलं, सारंगाला लॉटरी लागली. ते पोटभर जेवले, पोटभर हसले. दोन तासांनी जहाजाच्या शिडीपाशी आल्यावर वली सारंग थांबला आणि म्हणाला, “तुझी आई गेली रे. परवाच. कॅप्टनकडे सकाळी तार आली.”

बाबाजी त्याला एवढंच म्हणाले, “आणि तुम्ही मला मासे खाऊ घातलेत?”

त्यानंतर ते वली सारंगाशी एक शब्दही बोलले नाहीत. पुढे तो वारला, तेव्हा त्याच्या घरीही गेले नाहीत. जहाजाची नोकरी सोडली आणि दुबईला जमिनीवर काम धरलं, कारण जहाजावर आपली बातमी दुसऱ्याच्या हातात असते. बायकोला, मुक्ताबाईंना, त्यांनी बजावून ठेवलं की माझ्यापासून काहीही लपवायचं नाही. तेव्हापासून ती माउली खुराड्यातली कोंबडी मेली तरी सकाळी सहाला फोन करून कळवते. लोक हसतात. पण बाबाजींच्या मनात ती संध्याकाळ अशी रुतली होती, की आईचं तोंड आठवायला गेलं तर आधी तळलेला मासा आठवे. स्वतःच्या हसण्याची त्यांना किळस वाटे. माणसाचं दुःख त्याचं असतं, ते दोन तासही कुणी आपल्याकडे ठेवून घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

आणि आता तेच बाबाजी नागेशला घेऊन जिना उतरत होते.

सोन्याच्या बाजारातून त्यांनी सुरुवात केली. काचेत ठेवलेली ती भलीमोठी अंगठी दाखवली. नागेश म्हणाला, “एवढं बोट कुणाचं?” आणि हसला. बाबाजीही हसले, आणि लगेच ओठ मिटले. मसाल्यांच्या गल्लीत गोणीगोणीतून केशर, लोबान, वाळवलेली लिंबं. दुकानदार “आओ भाई, देखो भाई” करत हाताला धरून ओढत होते. नागेशने एक वाळकं लिंबू उचलून नाकाला लावलं आणि म्हणाला, “हे विनिताला दाखवायला पायजे. ती म्हणेल आमसुलं याच्यापेक्षा बरी.” हवा छान होती, थंडीचे दिवस. बायकापोरांना घेऊन लोक फिरत होते. पुण्याकडचं वाटावं असं एक कुटुंब फोटो काढत उभं होतं. आई म्हणत होती, “वैभवी, नीट उभी राहा ना गं,” आणि मुलगी म्हणत होती, “मम्मा, आय ॲम टायर्ड.” नागेश त्यांच्याकडे वळून वळून बघत राहिला.

कोपऱ्यावर शोरमाचं दुकान होतं. आगीपुढे सळईवर कोंबडी फिरत होती, वास दरवळत होता. नागेश थांबला. “काका, सकाळपासनं पोटात काही नाय. एक एक घेऊया?”

सुतक लागलेल्या माणसाला कोंबडी कशी खाऊ घालायची? वली सारंगाने जे केलं तेवढं तरी आपल्या हातून नको. “आज नको,” ते म्हणाले. “चतुर्थी आहे.”

“चतुर्थी?” नागेशने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं.

“हो. संकष्टी.”

“बरं,” तो म्हणाला, आणि चण्याच्या वड्यांचं फलाफल घेतलं. अर्धं खाल्लं, अर्धं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

खलास, आता सरळ धक्क्यावर न्यावं, तिथे आपली माणसं आहेत, असा बाबाजींचा विचार होता. पण चपलांच्या गल्लीत नागेश एका दुकानापुढे रेंगाळला आणि आत शिरला. बायकांच्या सँडल. तो एकेक उचलून तळ बघू लागला. मग त्याने पाकीट काढलं आणि त्याच्या आतल्या कप्प्यातून नारळाच्या झावळीचा एक हीर बाहेर काढला. वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना नखाने खुडलेला.

“हे काय रे?” बाबाजींनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांना उमगलं. गावाकडे असंच माप घेतात. पाय जमिनीवर ठेवायचा, बाजूला हीर धरायचा आणि अंगठ्यापाशी खुडायचा.

“तिच्या पायाचं माप,” नागेश म्हणाला. “मागल्या सुट्टीत घेतलं. पहिल्यांदा नेली ती चप्पल मोठी झाली, दुसऱ्यांदा नेली ती लहान. मग तीच म्हणाली, नंबरबिंबर मला कळत नाय, हा हीर घेऊन जा.” त्याने तपकिरी रंगाची एक सँडल खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि आत हीर ठेवून बघितला. तंतोतंत बसला. “बघा! साठ दिरहम. म्हणजे चौदाशे रुपये झाले. ओरडणार माझ्यावर.”

“गिफ्ट पॅक करूँ?” दुकानदाराने विचारलं.

“नहीं भाई, ऐसेही दो. जाते ही पहन के देखेगी.”

बाबाजी दुकानाबाहेर आले. त्यांना उभं राहवेना. काल ती त्या पायांनी विहिरीवर गेली असेल, आणि आज तेच पाय हॉस्पिटलच्या थंड पेटीत आहेत, आणि हा माणूस इथे गुडघ्यावर बसून माप बघतोय. पुढे आयुष्यभर याला हे दुकान आठवणार. आपण किती खुशीत होतो ते आठवणार. आणि त्या आठवणीत बाबाजी पाष्टे बाजूला गप्प उभे असणार. नाही, हे आपल्याच्याने व्हायचं नाही. गावदेवी काय शिक्षा करायची ती करो.

ते त्याला धक्क्यावर घेऊन गेले. पाण्यावर उतरतं ऊन पडलं होतं. लाकडी बोटी एकीला एक लागून उभ्या, त्यांच्यावर फ्रीज, टायर, एसीचे खोके रचलेले. बाबाजींच्या टोळीतले लोक लांबून “सलाम, मुकादम” म्हणाले. बोटीचा दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर त्यांनी नागेशला बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले.

“नागेश, माझं ऐक. मन घट्ट कर.”

नागेशने वर पाहिलं नाही. सँडलची पिशवी मांडीवर होती.

“विनिता गेली रे. सकाळीच. हॉस्पिटलात न्यायच्या आधी. तुझी वाट बघतायत सगळी. उद्या दुपारपर्यंत थांबतील.”

एका बोटीवरचा माणूस दुसऱ्याला ओरडून काहीतरी सांगत होता. बाबाजी दोन्ही हात पुढे करून उभे होते, हा पडला तर धरायला. नागेश पडला नाही. फक्त त्याचा रंग उतरला. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “मी विचारलं होतं तुम्हाला?”

“काय?”

“मी विचारलं होतं का? फोन तुमच्या खिशात आहे. उजव्या. जिना उतरताना दिसला मला. मागितला मी?”

बाबाजींचा हात आपोआप खिशाकडे गेला.

“चतुर्थी होऊन पाच दिवस झाले, काका. विनिताचा उपास होता. चंद्र दिसला तेव्हा तिने मला फोनवर सांगितलं. मी काही बोललो तुम्हाला? बरं म्हटलं आणि ते वडे खाल्ले.” आता त्याचा आवाज फाटला. “मला समजत होतं. अर्धं समजत होतं. मला अर्ध्यावरच राहायचं होतं हो. घरापर्यंत. ती चप्पल घेताना ती होती. उद्या सकाळपर्यंत असती. तुम्ही आताच कशाला नेलीत तिला?”

“मला वाटलं... तुझा हक्क आहे,” बाबाजी कसंबसं म्हणाले. “माझ्यापासून लपवलं होतं एकदा. मी त्या माणसाला कधी माफ केलं नाही. म्हणून मला वाटलं...”

“ते तुमचं झालं,” नागेश म्हणाला.

बाबाजी तिथेच धक्क्याच्या दगडावर बसले. चोवीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी आपला शहाणपणा उभा केला होता, ती या तीन शब्दांनी खालून काढून घेतली. दुसऱ्या माणसाला न कळण्याचीच भूक असू शकते, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांनी स्वतःला हवं होतं ते नागेशला दिलं होतं. आणि नागेशला हवे होते फक्त काही तास, तेच काढून घेतले होते. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी फोन काढून त्याच्यापुढे धरला. नागेशने तो घेतला नाही.

नागेश पुढे वाकला आणि पाण्यात ओकला. दोन घास गेले होते तेवढे बाहेर आले. बाबाजी त्याची पाठ चोळत राहिले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती, की आता हा रांगेत कोसळणार, याला विमानात घेणार नाहीत, आणि उद्या दुपारी विनिताला कुणीतरी दुसराच अग्नी देणार. ते सगळं आपल्या नावावर लागेल, आणि लागायलाच हवं.

जवळच्या बोटीवरच्या एका माणसाने पाण्याची बाटली आणून दिली. नागेशने चूळ भरली, तोंड धुतलं आणि शर्टाच्या बाहीने पुसलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

“एअरपोर्टला किती वाजता जायचं?”

“सातपर्यंत पोचलं म्हणजे झालं.”

“आता?”

“साडेपाच.”

“मग वेळ आहे.” तो उठून उभा राहिला. “उठा काका.”

“खोलीवर जाऊया का? जरा आडवा हो.”

“नको. खोलीवर गेलो तर मी उठायचा नाही. मला तिथे रांगेत नीट उभं राहायला पायजे.” त्याने सँडलची पिशवी छातीशी धरली. “तुम्ही मला देरा दाखवत होतात ना? दाखवा.”

बाबाजी हात टेकून उठले.

“दाखवा ना. ही बोट कुठे जाते?”

“ही... ही बर्बेराला.”

“ते कुठे आलं?”

“सोमालियात. आठ-दहा दिवस लागतात.”

“काय नेतात?”

“टायर. फ्रीज. तेलाचे डबे.”

“हं. आणि ती निळी?”

“ती इराणला. बंदर अब्बास.”

नागेश चालू लागला. बाबाजी त्याच्या बाजूने. प्रत्येक बोटीपाशी तो थांबे आणि विचारी, आणि बाबाजी सांगत. कुठली कुठे जाते, वर काय आहे, नाखवा कुठला, किती वर्षं येतोय. नागेश मन लावून ऐके, मान हलवी, शाळेत मुलं हलवतात तशी. मधेच तो उभा राही, डोळे मिटे आणि पुढे जाई. बाबाजींनाही काही बोटी ठाऊक नव्हत्या. तिथे त्यांनी तोंडाला येईल त्या बंदराचं नाव सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला ते थांबले नाहीत, कारण ते थांबले की नागेशही थांबे.

असा सगळा धक्का संपला. शेवटच्या बोटीच्या पुढे मोकळं पाणीच होतं. बाबाजींनी घड्याळात पाहिलं. सहाला पाच कमी.

“झालं,” ते म्हणाले. “एवढंच आहे.”

नागेश त्या मोकळ्या पाण्याकडे बघत उभा राहिला. मग मागे वळला.

“अजून वेळ आहे,” तो म्हणाला. “पहिल्यापासनं सांगा.”

आणि बाबाजींनी पुन्हा पहिल्या बोटीपासून सांगायला सुरुवात केली.